टोकावड्याच्या अंगणात भेटलेली रमाई

२६ मेची दुपार. कल्याणच्या एस.टी. स्टँडवर माळशेज घाटाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत आम्ही उभे होतो. आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवराबायको, धाकटी मुलगी आणि आमच्या मोठ्या वहिनी. टोकावडे हे वहिनींचे माहेर. रमाईच्या स्मृतिदिनाच्या आदल्या रात्री गावातली पोरे नाटक करणार होती. वहिनींच्या भावाचा निरोप होता, "ताईला घेऊनच या."

निरोप सोपा होता, पण घेऊन जाणे सोपे नव्हते. दोन वर्षांपूर्वी वहिनींचा एकुलता एक मुलगा आजारपणात गेला. वय बावीस. तेव्हापासून वहिनी ना लग्नाला जात, ना बारशाला. विहारातही मागे बसत आणि वंदना संपली की कुणाशी न बोलता निघत. दादा आमच्यावर रागावलेच. "जिची चार लेकरे गेली त्या माउलीचे नाटक हिला दाखवता? जखमेवरची खपली काढता?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. वहिनीच म्हणाल्या, "माहेरी जाऊन दोन वर्षे झाली. जाऊन येते." म्हणून निघालो.

गाडी शहाडवरून म्हारळ, वरप, कांबा करीत रायत्याला उल्हास नदीच्या पुलावर आली. पाणी खाली गेलेले, खडक उघडे. मुरबाड सोडले की मोकळा वारा लागतो. भातखाचरे कापणीनंतर कोरडी पडलेली, बांधाबांधावर जांभळाची झाडे. सरळगावच्या नाक्यावर ठाकर-कातकरी बाया पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन बसल्या होत्या. मुलीने हट्ट केला म्हणून दोन द्रोण घेतले. एक वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो टोकावडे येईपर्यंत तसाच धरून ठेवला, एक करवंद तोंडात टाकले नाही.

टोकावड्याला उतरले की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. पुढे वैशाखरे, आणि तिथून नाणेघाटाची वाट. आज हा रस्ता ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखतात, पण वाट फार जुनी. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाटाने जुन्नरला चढत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. वर जुन्नरला बौद्ध लेणी आहेत, खाली सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. म्हणजे व्यापारी, बैल आणि चीवरधारी भिक्खू याच मुलखातून ये-जा करीत असणार. आपल्या लेकराबाळांना माळशेजचे धबधबे दाखवायला नेतो, तेव्हा हेही सांगावे.

संध्याकाळी वहिनींच्या भावाच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकट असे जेवण झाले. अंगण शेणाने सारवलेले. नाटकाची तयारी पाहायला आम्ही गेलो. चार बांबू, दोन लुगड्यांचा पडदा, दोन बल्ब. रमाईचे काम करणारी पोरगी बारावीला बसलेली. बाबासाहेबांचे काम करणाऱ्या पोराला कोट मोठा होत होता, तो आईने टाके घालून आखडून दिला.

आपल्या समाजाला हे नवे नाही. १९३० च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक जलसे घेऊन गावोगाव फिरले. म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' नाटक १९५५ साली मिलिंद महाविद्यालयात झाले आणि १९५६ च्या दीक्षेच्या वेळी नागपुरातही. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी आपला इतिहास असा डोळ्यांनी वाचला.

नाटक सुरू झाले. परळच्या पोयबावाडीतली बी.आय.टी. चाळ. साहेब शिकायला परदेशी गेलेले आणि रमाई गोवऱ्या थापून संसार चालवते आहे. गंगाधर, रमेश, इंदू अशी एकेक लेकरे जातात. मग लाडका राजरत्न. १९२६ साली तो गेला, तेव्हा बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहून चार लेकरे मातीआड केल्याचे दुःख कळवले होते. पाचांपैकी एकटे यशवंतराव राहिले. त्या पोरीने मांडीवर रिकामे धडुते घेऊन ते थोपटायला सुरुवात केली आणि अंगणात कुणी खोकेना की हलेना.

वहिनी उठल्या. कुणाकडे न बघता अंधारात निघून गेल्या. आमच्या पोटात गोळा आला. दादा म्हणाले तेच खरे झाले, असे वाटले. आम्ही मागे जाणार, तोच त्यांच्या भावाने खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या भाऊजी. घर तिचंच आहे. रडू द्या तिला."

नाटक पुढे सरकले. रमाई धारवाडला जाते. धारवाड आज कर्नाटकात आहे. तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, पण बोली कानडी, माणसे अनोळखी. आपल्या माणसाला तो परमुलूखच. तिथे बाबासाहेबांनी १९२९ साली काढलेले मुलांचे वसतिगृह होते. देखरेख वराळे करीत. आपल्या घराघरांत सांगितली जाते ती हकिगत अशी. अंगणात रोज खेळणारी मुले दोन दिवस दिसेनात. रमाईने विचारले. कळले, की अनुदान आले नाही, धान्य संपले आणि मुले उपाशी आहेत. तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. धान्य आले, तिने स्वतः रांधले, मुलांना पोटभर वाढले. त्या मुलांनी तिला रमाई म्हटले. पाचांतली चार गेली, आणि पंगतीला कितीतरी बसली.

नाटकात हा प्रवेश आला तेव्हा गावातली दहा-बारा खरीच पोरे पत्रावळ्या घेऊन रांगेत बसली. आम्ही सहज मागे वळून पाहिले. पडवीच्या खांबाला टेकून वहिनी उभ्या होत्या. कधी परत आल्या, कळले नाही. पदर तोंडाला लावलेला, पण नजर मंचावर.

नाटक संपले. जेवणाची व्यवस्था सर्वांचीच होती, भात आणि मसुराची आमटी. काम केलेली पोरे रंग न धुताच पंगतीला बसली. वाढणाऱ्या बाया कमी होत्या. वहिनी काही न बोलता पुढे झाल्या आणि भाताचे घमेले उचलले. दोन वर्षांत आम्ही त्यांना चार माणसांत वाढताना पाहिले नव्हते. वसतिगृहातल्या मुलाचे काम केलेला एक काटकुळा पोरगा पुरे पुरे म्हणत होता. वहिनी त्याला म्हणाल्या, "गप. नाटकात उपाशी होतास ना? मग आता जेव."

सगळी हसली. वहिनीही हसल्या. मग घमेले खाली ठेवून रडल्या, आणि पुन्हा वाढायला लागल्या.

रात्री अंगणात गोधड्या टाकून आम्ही पडलो. मुलीने विचारले, "काकी बरी झाली का?" आमच्या सौभाग्यवतींनी तिला किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेले लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी ती आई. भगवान बुद्धांनी तिला मोहरी आणायला सांगितली, पण ज्या घरात कुणी मेले नाही अशाच घरातून. मोहरी घरोघर होती, तसे घर एकही नव्हते. मुलगी म्हणाली, "मग तिचं बाळ परत आलं नाहीच?" नाही आले. रमाईचेही कुणी परत आले नाही. रमाई १९३५ च्या २७ मेला गेली, तोवर ते दुःख तिच्यासोबतच होते. पण गोतमीला दारोदार फिरताना आणि रमाईला धारवाडच्या पंगतीत एकच गोष्ट उमगली असावी, की दुःख आपल्या एकट्याचे नाही आणि मायाही एकट्याच्या लेकरापुरती नाही.

सकाळी रमाईच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून वंदना झाली. परतीच्या गाडीला आम्ही निघालो तर वहिनी पिशवी न घेताच स्टँडवर आल्या. म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी आठ दिवस राहते. त्या पोरांना पुढच्या गावात नाटक करायचंय, आणि कपडे शिवायला कुणी नाही. मशीन भावाकडे आहे. ह्यांना सांगा, रागावू नका म्हणावं."

कल्याणला पोहोचल्यावर आम्ही दादांना सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "येत्या रविवारी मी आणायला जातो. तोही कोट असाच आईकडून आखडून घ्यायचा."

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या प्रत्येकाच्या वस्तीत असे एखादे घर असते, ज्याच्या दाराशी आपण काय बोलावे हे न सुचून फिरकत नाही. बोलायचे काही नसले तरी चालेल. त्यांना सोबत घेऊन एखाद्या गावी जा. पंगतीत वाढायला उभे करा. बाकीचे ती माउली स्वतः करते.