नव्या पेटीचा वास

मेळघाटातल्या धारणीच्या भोवती सागाचे रान आहे. तापीला जाऊन मिळणाऱ्या सिपना नदीला कोरकू माणसाने सागाचेच नाव दिले, इतका हा साग इथल्या जगण्यात मुरलेला. चैत्रात त्याच रानात मोह टपकतो आणि वैशाखाच्या उन्हात तेंदूची पाने खुडली जातात. अशा मुलखात वासाला कोणी परके मानत नाही. पण सागाची नवी पेटी घरात येते, झाकण उघडताच उग्र दर्प नाकात घुसतो आणि माणूस लगेच कापूर, डांबरगोळ्या, अगरबत्ती शोधू लागतो. या घाईतच चूक आहे. नव्या पेटीचा वास ही घाण नसते. ते अर्धवट राहिलेले काम असते. काम पुरे होऊ देणे हाच त्यावरचा उपाय, आणि वासावर दुसरा वास घालणे म्हणजे ते काम तसेच झाकून ठेवणे.

कोणते काम राहिले, हे वासाच्या जातीवरून कळते. सागाचा स्वतःचा, किंचित चामड्यासारखा वास त्याच्या तेलातून येतो. त्याच गाभ्यातल्या द्रव्यांमुळे वाळवी सागाच्या वाटेला फारशी जात नाही, म्हणून त्या वासाशी भांडण्याचे कारण नाही. तो हळूहळू सौम्य होतो. पॉलिशची गोष्ट वेगळी. लाखेच्या पॉलिशमधले स्पिरिट लवकर उडून जाते आणि वास फार टिकत नाही. जवसाचे तेल मात्र उडून वाळत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. या क्रियेत उष्णता निघते, इतकी की तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर आपोआप पेटू शकतो. म्हणजे ज्याला हवा हवी, त्यालाच आपण झाकण लावून कोंडतो आणि मग वास जात नाही म्हणून कुरकुरतो. तिसरी जात प्लायवूड आणि भुशाच्या पाट्यांची. त्यांतल्या स्वस्त डिंकातून फॉर्मॅल्डिहाइड सुटत राहते, उष्णता आणि दमटपणा वाढला की अधिकच. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2004 मध्ये या द्रव्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्यांत धरले. तेव्हा डोळे चुरचुरवणारा वास हा केवळ नाकाचा प्रश्न राहत नाही.

वास मारायला वास आणावा, याला घराघरांत मान्यता आहे, आणि कापूर-डांबरगोळ्यांनी कसर पळते हेही खोटे नाही. पण या वस्तू घन रूपातून थेट वाफ होतात आणि ती वाफ पेटीतल्या प्रत्येक वस्तूत जाऊन बसते. साडीला लागलेला वास दोरीवर टाकून घालवता येतो. चहापत्ती, तंबाखू, वाळवलेला मोह यांना तो लागला की माल वाया गेला. तंबाखूच्या बाबतीत हे जगाने फार आधी ओळखले. सिगार ठेवायची पेटी बहुधा कडुनिंबाच्या कुळातल्या सेड्रेला नावाच्या लाकडाची करतात. त्याचाच भाऊबंद असलेला आपल्याकडचा तून वृक्षही सिगारच्या खोक्यांना वापरला गेला. त्या पेटीत हवेचा दमटपणा सत्तर टक्क्यांच्या आसपास राखायचा असतो, झाकण घट्ट बसलेले असते आणि पान वास शोषून घ्यायला टपलेलेच असते. म्हणून जाणता कारागीर आतल्या बाजूला पॉलिशचा हात फिरवतच नाही. बाहेर कितीही चकाकी असो, आत उघडे लाकूड. वास घालवण्याची विद्या तो वास न आणण्यापासून सुरू करतो.

यावर रास्त आक्षेप असा की मेळघाटात पाऊस धो धो पडतो, उघडी पेटी ओलावा पिते आणि मग पॉलिशच्या जागी बुरशीचा कुबट वास वस्तीला येतो. खरे आहे. म्हणूनच पेटी घ्यायची ती पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, आणि घेतली तर घराच्या कोरड्या, वाऱ्याच्या बाजूला, भिंतीपासून दूर झाकण उघडे ठेवून. भर उन्हातही नको; फळ्या उकलतात, सांधे सुटतात. बांबूची कणगी शेणमातीने लिंपली की खडखडीत वाळल्याशिवाय तीत ज्वारी पडत नाही, हा शहाणपणा पेटीलाही लागू आहे. घाईच असेल तर लाकडी कोळशाची पुरचुंडी आत ठेवावी. कोळसा हवेतला वास स्वतःत धरतो, त्यावर आपला वास चढवत नाही. पण तोही मदतनीसच. पॉलिश ओले असेल किंवा डिंक वाईट असेल तर कोळसा बदलत बसावे लागेल आणि मूळ जागचे जागी राहील. पॉलिश असेल तर आतून खरवडून काढावे, भुशाची पाटी असेल तर तिच्या उघड्या कडा बंद कराव्यात, आणि एवढ्यानेही डोळे चुरचुरत असतील तर त्या पेटीत खाण्यापिण्याचे काही ठेवू नये.

वास गेला की नाही, याचा निवाडा आपल्या नाकावर सोडू नये. नाक लवकर सरावते आणि जे सवयीचे झाले त्याला गेले म्हणते. धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा रात्रभर बंद पेटीत ठेवावा आणि सकाळी तो बाहेरून आलेल्या माणसाच्या हाती द्यावा. कापडाला नुसता साग लागला असेल तर पेटी तयार आहे, कारण मुळात वासरहित पेटी कोणाला हवी असते? हवा असतो तो लाकडाचा वास, आणि त्याच्या आड येणारे डिंक-तेल निघून जाईपर्यंत थांबायची तयारी.