संशयितांची वही

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात चहावर आरोप ठेवला गेला. साक्षीदार एकच, आई. "चहा घेतला आणि तासाभरात धडधड सुरू. अजून काय पुरावा हवा?" त्याच आठवड्यात संशयितांच्या यादीत थंडगार कोकम सरबत आलं. मग फणस, मग वाडीतली कामं, मग डाव्या कुशीवर झोपणं, मग टीव्हीवरच्या बातम्या. हे असंच चाललं असतं तर बाबांच्या वाट्याला गोळ्या आणि मुगाची खिचडी एवढंच उरलं असतं.

बाबा ६६ वर्षांचे. पोस्टातून निवृत्त झालेत, गुहागरला घरामागे नारळ-सुपारीची छोटी वाडी आहे. त्यांना पॅरॉक्सिस्मल एट्रियल फिब्रिलेशन आहे. म्हणजे हृदयाची लय अधूनमधून बिघडते आणि काही मिनिटांनी किंवा तासांनी आपली आपण ताळ्यावर येते. एरवी हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातला एक छोटा पेशीसमूह ठोक्याचा ताल देतो. ए-फिबमध्ये वरच्या दोन्ही कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत विद्युतलहरी उठतात. कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या वाटेवरचा दरवान त्यातल्या बऱ्याच लहरी अडवतो, पण ज्या सुटतात त्यांना ताल नसतो. बाबा म्हणतात, "छातीत मासा तडफडतोय असं वाटतं."

डॉक्टरांनी आधी इको करून झडपा पाहिल्या. आपल्याकडे हे गरजेचंच आहे. इंडियन हार्ट रिदम सोसायटीच्या नोंदवहीत ए-फिबच्या जवळपास निम्म्या रुग्णांना संधिवाती तापामुळे बिघडलेल्या झडपांचा आजार होता. बाबांच्या झडपा ठीक निघाल्या. रक्तदाब मात्र जुना. वय आणि रक्तदाब यांचे गुण धरून रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. कारण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध अभ्यासात ए-फिब असणाऱ्यांना हा धोका सुमारे पाचपट दिसला होता.

आईचा प्रश्न वेगळा होता. "हे नेमकं कशाने होतं?"

याचं उत्तर मला सड्यावर सापडलं. फाल्गुनात सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. कुणी विडीचं थोटूक टाकलं तरी वणवा लागतो आणि आंबा-काजूच्या बागा होरपळतात. तेच थोटूक आषाढात टाका, काही होणार नाही. म्हणजे वणव्याला तीन गोष्टी लागतात. ठिणगी, वाळलेलं गवत आणि वारा. फ्रान्समधले हृदयतज्ज्ञ फिलिप कूमेल यांनी लयीच्या बिघाडाची मांडणी अशाच त्रिकोणात केली होती. ठिणगी म्हणजे अवेळी उठलेला विद्युत-ठोका. १९९८ मध्ये बोर्दोच्या मिशेल ऐसागेर यांच्या गटाने ४५ रुग्णांमध्ये या ठिणग्यांचा माग काढला, तर त्यातल्या बहुतेक फुप्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या आत निघाल्या. गवत म्हणजे वय, रक्तदाब, वजन आणि झोपेत अडकणाऱ्या श्वासाने वर्षानुवर्षं ताणलेले कप्पे. आणि वारा म्हणजे आपल्या मज्जासंस्थेचा त्या वेळचा कल.

आपण ज्याला 'ट्रिगर' म्हणतो तो बहुतेक वेळा हा वारा असतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. कुणाला धावपळीत, रागात त्रास होतो. कुणाला त्याच्या अगदी उलट, भरपेट जेवून आडवं झाल्यावर किंवा मध्यरात्री शांत झोपेत. त्या वेळी व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा जोर असतो, आणि त्यामुळे वरच्या कप्प्यांतल्या पेशी दोन ठोक्यांमध्ये घेत असलेली विश्रांती आखूड होते. तेवढी फट विस्कळीत लहरींना पुरते. म्हणून शेजारच्या काकांना जे बाधतं ते बाबांना बाधेलच असं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, बरेचदा गुहागरहूनच. आमच्या धंद्यात सगळ्यात छळवादी बग कोणता, तर कधीतरीच येणारा. तो आला की माणूस आदल्या दिवशी बदललेल्या ओळीवर बोट ठेवतो. आई नेमकं तेच करत होती. मी बाबांना म्हटलं, "आधी काहीच बंद करायचं नाही. नुसतं लिहायचं. रोज."

"काही झालंच नाही त्या दिवशी काय लिहू?"

"तेच लिहायचं, काही झालं नाही म्हणून."

बाबांचा चेहरा खुलला. "म्हणजे निरंक." चाळीस वर्षं पोस्टात निरंक अहवाल पाठवलेल्या माणसाला समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वहीत रकाने पडले: झोप किती, चहा किती, रात्री किती वाजता आणि काय जेवलो, उन्हातलं काम, भांडण (हा रकाना आईने घालायला लावला). धडधड वाटली की फोनला जोडलेल्या पट्टीवर दोन्ही हातांची बोटं ठेवून अर्ध्या मिनिटाचा ईसीजी घ्यायचा. चौदा आठवड्यांत धडधड सतरा वेळा झाली. डॉक्टरांनी आलेख पाहिले तेव्हा त्यातलं ए-फिब अकरा वेळाच होतं. उरलेले सहा नुसते जास्तीचे ठोके.

आता चहाचा खटला. अकराच्या अकरा दिवशी बाबांनी चहा घेतला होता! आई विजयी मुद्रेने बघत होती. पण चहा तर अठ्ठ्याण्णवच्या अठ्ठ्याण्णव दिवशी घेतला होता. या न्यायाने छतावरचा पंखाही दोषी ठरतो, तोही रोज चालू होता. ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवसांचा हिशेब नसेल तर रोजची प्रत्येक आवडती गोष्ट गुन्हेगार दिसते. बाबांच्या 'निरंक'ची किंमत तेव्हा आम्हाला कळली. जेवणाच्या रकान्यात मात्र काहीतरी होतं. अकरापैकी सात वेळा ए-फिब रात्री अकराच्या पुढे सुरू झालं होतं, आणि त्या सातही रात्री जेवण उशिरा आणि जड झालेलं होतं.

असं एका माणसावर प्रयोग करून बघणं ही आमची कल्पना नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्रेगरी मार्कस यांच्या गटाने 'आय-स्टॉप-एफिब' नावाची चाचणी केली. लोकांनी आपापला संशयित निवडायचा, एक आठवडा तो ठेवायचा, एक आठवडा टाळायचा, असं आलटून-पालटून सहा आठवडे करायचं आणि फोनवर ईसीजी घ्यायचा. सर्वाधिक लोकांनी कॅफीन निवडलं. पण ए-फिबशी स्पष्ट संबंध दिसला तो फक्त दारूचा, कॅफीनचा नाही. पुढे २०२५ मध्ये आलेल्या 'डीकॅफ' चाचणीत २०० रुग्ण होते. रोज कॉफी घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना लयीचा बिघाड पुन्हा झाला, कॉफी सोडलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना.

दारूबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण शनिवार-रविवारी आमच्या किनाऱ्यावर गाड्या भरून येणारे बहुतेक माझ्याच वयाचे असतात. सुट्टीतल्या पिण्यानंतर बिघडणाऱ्या लयीला अमेरिकेतल्या फिलिप एटिंगर यांनी १९७८ मध्येच 'हॉलिडे हार्ट' असं नाव दिलं होतं. ऑस्ट्रेलियात नेमाने पिणाऱ्या १४० रुग्णांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दारू सोडायला सांगितलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना ए-फिब पुन्हा झालं, न सोडणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना. बाबा पीत नाहीत, त्यामुळे हा संशयित आमच्या वहीत नव्हता.

डॉक्टरांना विचारून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. सहा आठवडे चहासाठी: तीन चहाचे, तीन बिनचहाचे. ए-फिब चहाच्या आठवड्यांत दोनदा, बिनचहाच्या आठवड्यांत तीनदा. मग आठ आठवडे जेवणासाठी: चार आठवडे साडेसातला हलकं, चार आठवडे नेहमीसारखं साडेनऊला. उशिराच्या आठवड्यांत पाच वेळा, लवकरच्या आठवड्यांत एकदा. डॉक्टर हसले. "एवढ्याशा आकड्यांनी काही सिद्ध होत नाही. पण चहा तोडायला काही कारणही दिसत नाही. आणि लवकर जेवल्याने कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही." गोळ्यांबाबत मात्र ते ठाम होते. ए-फिब कमी वेळा जाणवतंय म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची नाही. ते कित्येकदा न कळताही होऊन जातं, ते वहीत येत नाही.

त्यांनी गवताकडेही लक्ष वळवलं. घोरता का, असं विचारल्यावर बाबा "नाही" म्हणाले आणि आईने डॉक्टरांना मिनिटभराचं रेकॉर्डिंग ऐकवलं. झोपेची तपासणी झाली, रक्तदाबाची गोळी बदलली, सकाळचं चालणं वाढलं. अॅडलेडमधल्या 'लेगसी' अभ्यासात वजन दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरवलेल्यांची लय टिकून राहण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढली होती. वारा कुणाच्या हातात नसतो. गवत कापून ठेवता येतं.

सगळ्यात अवघड संशयित उरला, जागरण. त्याच्या चिठ्ठ्या टाकणार कशा? वहीत जागरणाच्या रात्री मोजक्याच होत्या, पण त्यातल्या निम्म्या वाईट गेल्या होत्या. आणि शिमगा तोंडावर आला. ग्रामदेवतेची पालखी, ढोल, रात्रभराचं नमन. बाबांनी तरुणपणापासून पालखीला खांदा दिलाय. आईचं मत स्पष्ट होतं. "घरी पालखी येईल तेव्हा ओटी भरू, बास."

मला वाटलं होतं, आता वही आईच्या बाजूने निकाल देणार. पण बाबांनी वही उघडली आणि व्यवहाराच्या सुरात बोलले. "जागरणाने होऊ शकतं, हे मला माहीत आहे. झालं तर किती वेळ राहतं, तेही माहीत आहे. छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागला, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर एक मिनिट न थांबता दवाखाना. चिपळूण ४५ किलोमीटर आहे, गाडी दारात ठेव. पण मी जाणार."

मग दुपारी झोप ठरली, सातला जेवण, जवळ पाण्याची बाटली, खांदा थोडाच वेळ आणि मध्यरात्रीच्या आत घर. हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घातलं. ट्रिगर सापडला म्हणजे बंदीहुकूम निघाला, असं मी समजत होतो. बाबांसाठी तो वस्तूवर लिहिलेला भाव होता. भाव कळला की काय घ्यायचं, काय सोडायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. चहा फुकट निघाला, साडेनऊचं जेवण महाग पडलं म्हणून सोडून दिलं. पालखीही महाग होती.

पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या रात्री पावणेबाराला बाबा ओटीवर येऊन बसले, पट्टीवर बोटं ठेवली. ए-फिब. आई शेजारी बसून राहिली, कुणी काही बोललं नाही. लांबून ढोल ऐकू येत होता. चाळीस मिनिटांनी लय जागेवर आली.

सकाळी मी वही पाहिली. तारीख, वेळ, मिनिटं, सगळे रकाने भरलेले. शेरा या रकान्यात बाबांच्या पोस्टातल्या अक्षरात लिहिलं होतं, "पालखी. परवडलं."