सुरांचा सातबारा

डोंबिवलीकराला दोन गावे असतात. एक राहण्याचे आणि एक सांगण्याचे. राहण्याचे गाव स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असते, सांगण्याचे एस.टी.ने दहा तासांवर. एरवी हे दुसरे गाव लग्नपत्रिकेपुरते आणि आंब्याच्या पेटीपुरतेच आठवते. पण २००८ साली झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' सुरू झाले आणि आमच्या चार मजली इमारतीत जिल्हावार प्रांतरचना झाली.

शेवटच्या पाचांत डोंबिवलीचे कुणीच नव्हते. कार्तिकी गायकवाड आळंदीची, आर्या आंबेकर पुण्याची, मुग्धा वैशंपायन अलिबागची, प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातला आणि रोहित राऊत लातूरचा. आपले कुणी नाही म्हटल्यावर माणसाने निवांत गाणे ऐकावे की नाही? छे! दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा एकाएकी रत्नागिरीचे निघाले. तळमजल्यावरच्या वहिनींचे माहेर लातूर. तिसऱ्या मजल्यावरचे पुणेकर मात्र प्रचाराला उतरलेच नाहीत. निकाल आपल्याला आधीच कळला आहे अशा मुद्रेने ते जिना चढत.

"आमच्या प्रथमेशचा षड्ज ऐकलात?" अण्णा दूध आणता आणता विचारायचे. त्यापूर्वी अण्णांचा षड्जाशी कसलाही व्यवहार नव्हता. मते एसएमएसने द्यायची. एका माणसाला एकच मत, ही लोकशाहीतली अडचण इथे नव्हती. वहिनींनी घरखर्चातून मोबाईलचे रिचार्ज वाढवले. गळा राहिला बाजूला, सगळे सातबारा तपासत बसले!

हे खूळ आपलेच, असे मात्र समजू नका. युरोपात १९५६ पासून युरोव्हिजन नावाची गाण्याची स्पर्धा भरते. १९७५ पासून तिथे प्रत्येक देश आपल्या सर्वांत आवडत्या गाण्याला बारा गुण देतो. ग्रीस आणि सायप्रस हे बारा गुण संक्रांतीच्या वाणासारखे एकमेकांना देत आले. २००३ साली ब्रिटनला शून्य गुण मिळाले, तेव्हा इराक-युद्धाचा राग आमच्यावर निघाला, अशी तिकडे हाकाटी झाली. गाणारी जोडी चक्क बेसूर झाली होती, पण तिकडे लक्ष कोण देतो? तरी या स्पर्धेत एक नियम मोठा शहाणा आहे. आपल्याच देशाला मत देता येत नाही.

मी तो नियम गच्चीवर मांडला.

"म्हणजे मी लातूरला मत देऊ?" अण्णा कडाडले.

"आणि आम्ही हो काय कोकणाला द्यायचं?" वहिनींनी विचारले.

ठराव अर्थातच फेटाळला गेला. पण पुढच्या भागाला वहिनींचा टीव्ही बिघडल्यामुळे त्या अण्णांकडे येऊन बसल्या. रोहित गाऊ लागला, तशी अण्णांची बोटे मांडीवर ताल धरू लागली. "गातो हो पोरगा," ते हळूच म्हणाले आणि कुणी रत्नागिरीकर ऐकत नाही ना, हे त्यांनी पाहून घेतले. प्रथमेशच्या वेळी वहिनींनी डोळे मिटले होते. गाणे संपल्यावरही त्यांनी ते लगेच उघडले नाहीत.

शाळकरी मुलांच्या डोक्यावर आपण अख्खा जिल्हा ठेवतो आणि वर म्हणतो, "गा बाळा, मोकळ्या आवाजात गा." ती पोरे तेवढे ओझे घेऊनही सुरात गात होती, हे नवल मला निकालापेक्षा मोठे वाटते.

फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली. इमारतीत आळंदीचे एकही बिऱ्हाड नव्हते. आता पेढे वाटायचे कुणी?

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात अण्णा, हातात पेढ्यांचा पुडा.

"अहो, मूळचे आम्ही तिकडलेच म्हणायचे," अण्णा म्हणाले. "आमचे आजोबा वारीला आळंदीहूनच निघायचे!"