जी-सिक्स-पीडी

एक्स गुणसूत्राच्या टोकाला या विकराचा जनुक राहतो. पूर्ण नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, दवाखान्यात जी-सिक्स-पीडी. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर नाचणी-वरई तयार झाली की माळ्यावर बसून कुणीतरी पाखरं हाकतं. तांबड्या पेशीत याचं काम तेच. साखरेतून एनएडीपीएच काढून देतो, त्या बळावर पेशी ऑक्सिडीकरणाचा मारा झेलते. इतर पेशींना ही रसद मिळवायच्या आणखी वाटा आहेत. तांबड्या पेशीला दुसरा वाली नाही.

काही घरांत तो जन्मतःच दुबळा असतो. वारली समाजातही असे लोक आहेत. मुलाला एकच एक्स, तोही आईकडून. म्हणून दुबळेपणा त्याच्यात पुरता उतरतो. आईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो, म्हणून तिच्या रक्तात मात्र सबळ आणि दुबळ्या पेशी शेजारीशेजारी नांदतात. मेरी लायन यांनी 1961 मध्ये उंदरांच्या ठिपकेदार कातडीवरून हे ताडलं, आणि बॉयटलर यांनी पुढच्याच वर्षी याच जी-सिक्स-पीडीच्या आधारे माणसाच्या रक्तात दाखवलं.

दुबळा असला तरी तो कुरकुरत नाही. माणूस नांगर धरतो, वीटभट्टीवर राबतो, काही जाणवत नाही. मग हिवताप येतो. व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात, त्यांच्यासाठी 14 दिवस प्रायमाक्विन देतात. तीच गोळी इथे घात करू शकते: तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी काळपट होते, चार पावलांत धाप लागते. डांबरगोळ्यांनीही असंच होतं, आणि नवजात बाळाची कावीळ चढते.

याला मुळातूनच काढलं तर? 2002 साली उंदरांत ते करून पाहिलं. नर गर्भ दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंतच तगले. आईकडून हा बिघाड आलेले मादी गर्भही वार नीट न वाढल्याने गेले. उलट 2016 मध्ये ज्या उंदरांत तो जादा घातला, त्यांचा चालण्याफिरण्यातला तोल सुधारला आणि माद्यांचं मध्यक आयुष्य सुमारे 14 टक्क्यांनी वाढलं.

म्हणजे दुबळा का होईना, तो आहे म्हणून माणूस जन्माला आला. त्याला सांभाळणं आपल्या हातात आहे. प्रायमाक्विन देण्याआधी बोटातल्या थेंबाची तपासणी व्हावी; कमतरता निघाली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्याला एक मात्रा, असे 8 आठवडे देता येतं. आणि निकाल नुसता नोंदवहीत राहू नये. तो आईला तिच्या बोलीत सांगावा, कारण तिच्या भावाच्या आणि दुसऱ्या मुलाच्या रक्तातही हाच दुबळा राखणदार असू शकतो.