मार्चचे तीन दिवस : महाडहून शाहूवाडीमार्गे माणगावला

मुंबई-ठाण्यात राहणारे आम्ही शाहूवाडीकर गावी जातो ते मे महिन्यात, लग्नसराईला. रात्री एस.टी.त बसायचे आणि सकाळी मलकापूरला उतरायचे. वाटेतला मुलूख मुलांना दिसतच नाही. म्हणून वाचकहो, एक वर्ष तरी गावची फेरी मार्चमध्ये काढावी, असे आम्हाला वाटते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याआधी सात वर्षे, २१ व २२ मार्च १९२० रोजी, माणगावची परिषद झाली. या दोन ठिकाणांना जोडणारी एक वाट आपल्याच तालुक्यातून जाते.

दोन-तीन कुटुंबांनी वर्गणी काढून एक गाडी ठरवावी. घरात कोणी दहावीला असेल, तर बेत पुढच्या वर्षी. भाकरी-चटणी आणि पाण्याचे कॅन सोबत घ्यावेत.

पहिला दिवस, २० मार्च. पहाटे निघून महाड गाठावे. गर्दी फार असते, म्हणून म्हाताऱ्यांचा व मुलांचा हात सोडू नये. तळ्यानंतर क्रांतिस्तंभ पाहावा. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले ते महाडातच. तळ्याचा खटला हायकोर्टात आपण जिंकलो तोही मार्चमध्येच, १७ मार्च १९३७ रोजी. एवढी दहा वर्षे लागली, हे मुलांना जरूर सांगावे. महाडजवळची गांधारपाले लेणी बौद्ध आहेत, तीही पाहावीत. मुक्काम चिपळूणला करावा. ड्रायव्हरला पुरी झोप मिळाली पाहिजे, पुढे घाट आहे.

दुसरा दिवस. संगमेश्वर, देवरुख, साखरपा करीत आंबा घाट चढावा. खाली काजू आणि कैऱ्या, वर जंगलात पांगाऱ्याची लाल फुले. संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात, म्हणून घाट उजेडीच पार करावा. वर आंबा गाव लागले, की आपला तालुका आला.

रात्री गावच्या विहारात वंदना झाल्यावर वडीलधाऱ्यांना एकच विचारावे : तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे, आणि कसे? महाडात पाहिलेले तळे मुलांना तेव्हा आपल्या घरातले वाटू लागेल. हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आमच्या मते सहलीतला हाच मुक्काम सर्वांत मोलाचा.

तिसरा दिवस. वाटेत पन्हाळ्याला शिवा काशीद यांच्या स्मारकाला अभिवादन करून कोल्हापूर गाठावे. बिंदू चौकातला बाबासाहेबांचा पुतळा ९ डिसेंबर १९५० रोजी, त्यांच्या हयातीतच उभा राहिला; शेजारी महात्मा फुले आहेत. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी याच शहरात चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तिथला चहा घेतला. दुपारी हातकणंगले तालुक्यातले माणगाव. वाटेत रायगड जिल्ह्यातले माणगाव लागते, ते वेगळे. तुमचा पुढारी तुम्हाला लाभला, असे शाहू महाराजांनी बाबासाहेबांकडे पाहून सांगितले, ते या माणगावात. परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी, उजेडी करावा.

खर्चाचे म्हणाल, तर जयंतीला डीजेसाठी आपण देतो त्यातले थोडे दरमहा बाजूला काढले, तर वर्षभरात गाडीभाड्याला मोठा हातभार लागेल. या महिन्याच्या बैठकीतच हा विषय काढावा.

जयभीम!