चिठ्ठीवरचं नाव

डबीवर चिकटवलेलं नाव म्हणजे कुणाचं तरी म्हणणं. तो पुरावा नव्हे. म्हणून टारंटुला ओळखायला बसलो की मी ती चिठ्ठी आधी बाजूला ठेवतो. अंबड तालुक्यातलं आमचं अंकुशनगर समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधारानं वाढलेलं. इथला शेतकरीसुद्धा बेणं घेताना ‘को ८६०३२’ एवढं ऐकून पैसे मोजत नाही. कांडी बघतो, डोळा बघतो. कोळ्याच्या बाबतीतही तीच सवय लागते.

पुण्यात नोकरी करणारा आमच्या वसाहतीतला एक मुलगा त्याच्या कोळ्याची कात घेऊन आला. डबीवर लिहिलं होतं: मेक्सिकन रेड नी, ब्रॅकिपेल्मा स्मिथी. तो म्हणाला, “काका, जात माहीत आहे. फक्त मादी आहे का ते सांगा.” मी म्हटलं, “दोन्ही बघू.”

कात हा या कामातला सर्वांत भरवशाचा कागद. जिवंत कोळ्याला हात लावावा लागत नाही, आणि मादीच्या शुक्रसंचयाच्या कप्प्याचं अस्तरही कातेबरोबर बाहेर पडतं. वाळलेल्या कातेचं पोट चुरगळलेलं असतं. ते साबणाचा एखादा थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवायचं आणि मऊ कुंचल्यानं हळूहळू उलगडायचं. आतल्या बाजूनं पुस्तकफुप्फुसांचे चार फिकट चौकोन दिसतात. पुढच्या दोघांच्या मधल्या रेषेवर तो कप्पा शोधायचा. इथं घाई केली की पातळ अस्तर फाटतं आणि पुढच्या कातेपर्यंत थांबावं लागतं.

आधी खंड ठरवायचा. पोटावर खाज आणणारे केस सापडले, तर प्राणी अमेरिकेकडचा. आपल्याकडच्या झाडावर राहणाऱ्या पोसिलोथेरिया वंशातल्या कोळ्यांना ते नसतात. त्यांची ओळख पायांच्या खालच्या बाजूच्या रंगपट्ट्यांवरून पटते. त्यांतली ‘रेगॅलिस’ पोटाखालच्या फिकट आडव्या पट्ट्यामुळे कळते. या कातेवर केस होते, गुडघे नारिंगी होते. म्हणजे वंश बरोबर. प्रश्न उरला जातीचा.

स्मिथीचं वर्णन १८९७ मध्ये एफ. ओ. पिकार्ड-केंब्रिज यांनी केलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, हॅमोरी या जातीचं वर्णन झालं. दोघी इतक्या सारख्या की पाळणाऱ्यांच्या जगात दोन्ही स्मिथी म्हणूनच फिरत राहिल्या. २०१७ मध्ये होर्हे मेंडोसा आणि ऑस्कर फ्रँके यांनी शरीररचना आणि डीएनए दोन्ही तपासून हा गुंता सोडवला. दोघींचं घर मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, बाल्सास नदीच्या खोऱ्याच्या दोन बाजूंना: उत्तरेला हॅमोरी, दक्षिणेला गेरेरो राज्यात स्मिथी. तेव्हा कळलं की घरोघरी पाळलेल्या ‘स्मिथीं’पैकी बहुतेक हॅमोरी होत्या. चुकीची चिठ्ठी म्हणजे दर वेळी फसवणूक नसते. पुष्कळदा ते जुनं ज्ञान असतं.

आमच्या कातेत विषदातांच्या वरच्या जाड भागांवर, समोरून पाहता, तपकिरी-गुलाबी केसांचे दोन पट्टे होते. स्मिथीत एकच असतो. कप्प्याच्या तळाची पट्टी लंबगोल, अखंड होती. स्मिथीत ती विभागलेली असते. दोन वेगवेगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. मी लिहून दिलं: मादी, ब्रॅकिपेल्मा हॅमोरी, आणि खाली कोणत्या खुणांवरून ते. शेवटची ओळ मी कधीच गाळत नाही. पिंजऱ्यातल्या प्राण्याचं मूळ ठिकाण माहीत नसतं, दोन जातींचा संकरही असू शकतो, म्हणून माझा निर्णय पुढच्या माणसाला तपासता आला पाहिजे. खुणा अपुऱ्या असतील, तर वंशावर थांबणं हेच योग्य उत्तर.

हे नाव कागदोपत्रीही महत्त्वाचं आहे. ब्रॅकिपेल्मा हा सगळा वंश साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. चुकीच्या नावानं केलेली नोंद पुढे सगळ्यांची दिशाभूल करते.

तुमच्या घरी टारंटुला असेल, तर प्रत्येक कात वाळवून, तारीख घालून जपा. खरेदीची पावती सोबत ठेवा. जात पक्की झाल्याशिवाय जोडी लावू नका. आणि कंटाळा आला म्हणून त्याला उसाच्या फडात किंवा बांधावर सोडू नका. नोंदीचे कागद घेऊन वनविभागाकडे जा.