टूसॉनचा धोत्रा आणि त्याची सुईण

ॲरिझोना म्हटलं की वाळवंट आणि निवडुंगच डोळ्यांपुढे येतात. पण तिथेही जुलै ते सप्टेंबर पाऊस पडतो, आणि लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात! ऑगस्टमध्ये आम्ही टूसॉनला गेलो, तर रस्त्याकडेला चक्क धोत्रा फुललेला. कोकणात आपले शेजारी महादेवाला वाहायचे, त्याचाच हा भाऊबंद. फूल पांढरं, वीतभर लांब.

हे फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की कोमेजतं. अंधार पडता पडता त्याचा पाहुणा आला. करड्या रंगाचा, पंख पसरले तर चार इंच. इंग्रजीत हॉक मॉथ, म्हणजे ससाणा पतंग. तो फुलावर बसत नाही. हवेत एका जागी तरंगत, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड उलगडून मध पितो आणि अंगाला चिकटलेले पराग पुढच्या फुलाला पोचवतो. आम्ही जन्मभर नर्सचं काम केलेलं, म्हणून आम्हांला तो झाडाची सुईणच वाटला.

पण या सुईणीची बिदागी भारी! मादी त्याच झाडाच्या पानांवर अंडी घालते आणि अळ्या पानं फस्त करतात. माणसाच्या बाळाचं वजन दुप्पट व्हायला पाच महिने लागतात. या अळीचं वजन अठरा-वीस दिवसांत सुमारे १०,००० पट होतं. मग झाडाला परवडतं कसं? ॲरिझोना विद्यापीठातल्या ज्युडिथ ब्रॉन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एवढी पानं खाणारा पतंगही झाडाच्या फायद्याचाच ठरतो. शिवाय धोत्र्याचं मूळ जाडजूड, त्यातून पुन्हा पालवी फुटते.

बालमित्रांनो, धोत्र्याला मात्र हात लावू नका. त्यात ॲट्रोपिन असतं. पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळायला लागतो. असं झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

अमेरिकेत परसात टोमॅटो लावणाऱ्यांनी ही अळी पाहिलीच असेल. हिरवी, बोटभर, अंगावर सात तिरक्या पांढऱ्या रेघा, शेपटीवर लाल शिंग. शिंग टोचत नाही. पोट भरलं की ती मातीत शिरून कोष होते. वाफा खणताना तपकिरी, कपाच्या कानासारखी दांडी असलेला कोष सापडला, तर त्या दांडीत पुढची सोंड घडत असते. बघून झाल्यावर पुन्हा मातीत ठेवा.